सड्यावरचे नेहमीचे पाऊल

चालक नसलेल्या एसटीने जुन्या चालकांची एक सवय मात्र नेमकी उचलली होती. ती थांब्यावर थांबत नसे, थांब्याच्या चांगली पुढे जाऊन थांबत असे. गवाणकोंडच्या फाट्यावर हेमलता सुर्वे पिशवी सावरत उतरली, तेव्हा गाडीतला यांत्रिक आवाज गावाचे नाव गोड पण पोकळ स्वरात पुकारत होता. नावाच्या शेवटी स्वर खाली आणायला हवा, म्हणजे झोपलेला उतारू दचकत नाही, पण जागा होतो, असे तिच्या मनात आल्याशिवाय राहिले नाही. कोल्हापुरात तिने सारी नोकरी गाड्या पुकारण्यात घालवली होती. माणसाच्या तोंडून गाडी पुकारणारी ती तिथली शेवटची. ती निवृत्त झाल्यावर त्या खुर्चीवर कोणी बसले नाही, कारण खुर्चीच उचलून नेली.

फाट्यावर सदानंद पाष्टे, तिचा थोरला भाऊ, छत्रीची काठी करून उभा होता.

"आलीस? मला वाटलं, सहीचं नाव काढलं म्हणून येणार नाहीस."

"सहीचं नाव काढलंस म्हणूनच आले, दादा. एरवी कुठे बोलावतोस?"

सदानंद हसला, पण टोला लागल्याचे त्याच्या कानांच्या पाळ्यांवरून कळले. त्या लगेच लाल होत.

सही हवी होती ती सड्यासाठी. गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचे जे विस्तीर्ण, सपाट पठार होते, त्यातला मोठा भाग या भावंडांच्या वडिलांचा. कागदोपत्री त्याला पोटखराबा म्हणत. तिथे भात होत नसे, आंबा धरत नसे. होत असे ते गवत, पावसाळ्यात रानफुलांचे गालिचे आणि एरवी गावाचे क्रिकेट. सड्याच्या मधोमध कोण्या अज्ञात हातांनी हजारो वर्षांपूर्वी कोरलेला एक भला थोरला मासा होता आणि पश्चिमेला कड्याच्या टोकावरून समुद्र दिसे.

त्या समुद्रामुळेच घोळ झाला होता. नव्या विकास आराखड्यात किनाऱ्याजवळचे सगळे मोकळे सडे पर्यटननगरासाठी धरले होते. सूट होती ती एकाच प्रकारच्या जमिनीला. महिनाअखेरीपर्यंत ज्यांचा 'मोकळीक करार' होईल, त्या जमिनी आराखड्यातून वगळल्या जाणार होत्या. करार साधा होता. जमीन तुमचीच राहते. ती विका, वारसांना द्या, गवत कापा, गुरे चारा. फक्त तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क तुम्ही कायमचा सोडता. स्वतःपुरता नव्हे, तर तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येक मालकाच्या वतीने.

"शनिवारी निबंधकबाई येणार आहेत," रात्री जेवताना सदानंद म्हणाला. "वाडीची सगळी माणसं तयार आहेत. तुझी तेवढी सही."

हेमलताने भाताला भोक पाडून त्यात कुळथाचे पिठले ओतले. मग शांतपणे म्हणाली, "दादा, मला तिथे घर बांधायचंय."

वहिनीच्या हातातला डाव थांबला.

"मोठं नव्हे. दोन खोल्या आणि पश्चिमेला तोंड करून पडवी. हे गेल्यावर त्या फ्लॅटमध्ये करमत नाही. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या पुकारल्या. आता एका जागी बसून समुद्र बघायचाय."

"अगो, मग हे घर कोणाचं आहे?"

"तुझं. वहिनीचं. इथे मी आले की वहिनी नवी चादर काढते. नवी चादर पाहुण्याला काढतात."

सुनंदा वहिनी डाव खाली ठेवून म्हणाली, "वन्सं, उद्यापासून फाटकी अंथरते." तिघेही हसले, पण प्रश्न ताटाशेजारी तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता हेमलता एकटीच सड्यावर निघाली. मार्गशीर्षाचे धुके खाली दरीत साचले होते. सड्यावर पाऊल ठेवल्यावर तिला जाणवले की, गवत फार वाढले आहे आणि पायवाटा बुजल्या आहेत. क्रिकेटच्या खेळपट्टीवरही तेरडा वाळून उभा होता. नवल करीत ती पश्चिमेच्या कडेला पोहोचली. लहानपणी गुरे राखताना ती इथेच उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांना नावे देऊन पुकारीत असे. तिचा पेशा खरे तर इथेच ठरला होता. तिने डोळ्यांनीच पडवी आखली, तिच्यात आरामखुर्ची ठेवली आणि समाधानाने खाली बसली.

थोड्याच वेळात चढणीवरून धापा टाकत अर्धी वाडी वर आली. सर्वांत पुढे देवळाचा बाळा गुरव, हातात मोबाइल आणि काठी, पायांत काही नाही. सड्याच्या काठावर येताच सगळे गपकन थांबले, जणू पुढे पाणी होते.

"कोण हाय तिकडं? बाहेर या अगोदर," बाळा ओरडला. मग ओळखून म्हणाला, "हेमाताय? तुमी व्हय? आमाला वाटलं त्या पर्यटननगराच्या कंपनीची मान्सं आली मोजणीला."

त्याने मोबाइल उंच धरून दाखवला. पडद्यावर ओळ होती: *सड्यावर परके पाऊल. पश्चिम कड.*

हेमलता उठून उभी राहिली. साडीला चिकटलेली कुसळे झाडत ती इतकेच म्हणाली, "परके? मी?"

*

दुपारी डॉ. मेहजबीन काझी रत्नागिरीहून आल्या. भूगर्भशास्त्राच्या या तरुण प्राध्यापिकेनेच सड्यावर ते यंत्र बसवले होते. सदानंदच्या ओटीवर बसून त्यांनी हेमलताच्या हातात काचेच्या तंतूचा एक तुकडा ठेवला. तो केसाएवढा होता.

"असा तंतू मी सड्यावर दगडाला बारीक खाच पाडून सगळीकडे फिरवलाय," त्या म्हणाल्या. "त्यातून सतत प्रकाशाचे ठोके सोडायचे. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म डाग असतात, त्यांवरून थोडा प्रकाश माघारी येतो. जमीन जराशी थरथरली की तंतू कणभर ताणला जातो आणि माघारी येणारा प्रकाश बदलतो. तो कुठे बदलला, कसा बदलला, हे संगणकाला कळतं. गाईचा खूर वेगळा, माणसाचं पाऊल वेगळं, पावसाचा थेंब वेगळा. एवढंच काय, जांभ्याच्या पोटातल्या पोकळ्यांतून झिरपणारं पाणीसुद्धा तो ऐकतो."

"पण ऐकून करायचं काय?"

"आतापर्यंत असले करार कागदावरच राहायचे. मालक बदलतो, अधिकारी बदलतो. मग एक छप्पर उभं राहतं, छपराला भिंत येते आणि कोणी विचारेपर्यंत तिथे हॉटेल असतं. हा तंतू बदलत नाही. वर्षभर ऐकून तो त्या जमिनीचं नेहमीचं काय, ते शिकतो. जे तो शिकतो, तीच कायद्याने तिची वहिवाट ठरते. त्यानंतर काही नवं घडलं तर तो सांगतो, आणि नेहमीचं काही घडायचं थांबलं तरी सांगतो. हे दुसरंही महत्त्वाचं आहे. झरा आटायला लागला तर आधी त्यालाच कळेल."

"मग माझं पाऊल परकं का?"

काझीबाईंनी संगणक उघडला आणि वर्षभराची नोंद पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला. तिच्यात ससे होते, कोल्हा होता, टिटव्या होत्या. गुरे नव्हती. माणूस नव्हता.

"सदानंददादा, वर्षभर सड्यावर कोणीच गेलं नाही?"

"नाही ना," सदानंद अभिमानाने म्हणाला. "पान हलू दिलं नाही आम्ही."

हळूहळू सारे उलगडले. यंत्र बसले त्या दिवसापासून वाडीने त्याला राखणदार म्हणायला सुरुवात केली होती. आणि राखणदार म्हटला की त्याचे नेम आले. गवाणकोंडात नवी जागा बसली की तिचा देव स्थिर होईपर्यंत वर्षभर तिथे कोणी पाय ठेवीत नाही. बाळा गुरवाने देवळात तसे सांगितले आणि वाडीने ते मनोभावे पाळले. पोरांनी क्रिकेट खालच्या मळ्यात नेले, गुरे दुसऱ्या डोंगरावर गेली, शिमग्याचे खेळे देवळाच्या अंगणात नाचले.

"पण मी सभेत सांगितलं होतं, नेहमीसारखे वागा म्हणून."

"सायबीण येऊन 'नेमीसारकं वागा' म्हणाली की काय करायचं?" बाळा गुरव खांबाला टेकून म्हणाला. "शाळेत तपासनीस येऊन 'नेमीसारके बसा' म्हणायचा, तवा आमी हाताची घडी घालूनच बसायचो."

काझीबाईंना हसू आवरेना, पण तो क्षणभरच. "म्हणजे राखणदार शिकला ते असं, की या सड्यावर माणूस नसतो. शनिवारी शिक्कामोर्तब झालं की क्रिकेट उल्लंघन, गुरं उल्लंघन, शिमगा उल्लंघन. ज्या माणसांनी सडा राखला, त्यांनाच तो बंद होईल." त्यांनी सड्याच्या दिशेने बोट केले. "आणि तो मासा कोणी कोरला? माणसांनीच ना? हजारो वर्षं इथे पाऊल वाजतंय. नेमकं ज्या वर्षी कान लावला, त्याच वर्षी सगळे गप्प बसले."

वाट एकच होती. शनिवारचे शिक्कामोर्तब पुढे ढकलून, पण महिनाअखेरीच्या आत, निबंधकांकडून आठ दिवसांची फेरतपासणी मागता येत होती. त्या मुदतीत गावाने आपली वहिवाट सड्यावर प्रत्यक्ष करून दाखवायची. मात्र अर्जाला दोन्ही मालकांची संमती लागणार होती.

सगळ्यांच्या नजरा हेमलताकडे वळल्या.

"संमती देते," ती म्हणाली. "पण पश्चिमेच्या कडेचे दोन गुंठे करारातून वगळायचे."

सदानंदने मान खाली घातली. काझीबाई समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, "कायद्यात तशी सोय आहे, हेमलताताई. मी नकाशात आखून देते. एक दाखवते फक्त, ठरवायचं तुम्ही." त्यांनी हेमलताच्या कानांवर हेडफोन ठेवून तंतूने टिपलेला आवाज लावला. आधी काहीच नव्हते. मग खूप खोलवर, अंधारात कोणीतरी हळूहळू घागर भरत असावे तसा आवाज आला. "तुमच्या पडवीखालचं पाणी आहे ते. खालच्या वाडीच्या कुंडात जातं. पाया खोदला तर ते कुंडातच जाईल की दुसरी वाट धरेल, हे आजचं कोणतंही शास्त्र खात्रीने सांगू शकत नाही."

हेमलताने हेडफोन काढून ठेवले. आवाज कानांतून गेला नाही, पण तिने आपला शब्दही बदलला नाही. जन्मभर जे मागितले नव्हते ते पहिल्यांदा मागितले होते. एका झऱ्याच्या आवाजाने ते सोडून द्यायला ती तयार नव्हती.

सदानंद उठता उठता म्हणाला, "वगळा. बहिणीचा वाटा आहे. बाबांच्या मागे तिला कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही."

*

पुढचे आठ दिवस गवाणकोंडाने वर्षभराचे जगणे एकदम उरकायला काढले.

पहिला प्रश्न शिमग्याचा. मार्गशीर्षात शिमगा कसा करायचा? बाळा गुरवाने रात्रभर विचार केला आणि सकाळी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले.

"बा देवा महाराजा, आज जी सगळी लेकरा तुज्या म्होरं उभी हायत, त्यांचा काय चुकला असंल..."

"व्हय महाराजा."

"...ता पदरात घे. ह्यो शिमगा न्हवं, म्हाराजा. ही शिमग्याची रंगीत तालीम हाय. पालखी काय बाहेर काढणार न्हाय. तवा कुनाचा गैरसमज झाला असंल..."

"व्हय महाराजा."

"...तर तो दूर कर, आनि राखणदाराला चांगला ऐकू येऊ दे."

"व्हय महाराजा," असे सर्वांनी इतक्या मोठ्याने म्हटले, की सड्यावरच्या तंतूने ते देवळातूनच ऐकले असावे.

काम मोठे होते आणि गोंधळ त्याहून मोठा. गुरे आणायची त्याच वेळी पोरांनी सामना लावला. खेळे नाचू लागले तेव्हा एक म्हैस खेळपट्टीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी काझीबाईंनी हात जोडून सांगितले की, कोण काय करतोय ते राखणदाराला वेगवेगळे कळले पाहिजे, त्यासाठी कोणीतरी क्रम लावा.

"मी लावते," हेमलता म्हणाली.

देवळातला कर्णा सड्यावर आला. हेमलताने घसा साफ केला आणि कितीतरी दिवसांनी तिचा खरा आवाज बाहेर पडला.

"गवाणकोंड वरची वाडी ते खालची वाडी, क्रिकेटचा सामना माशाच्या शेपटीजवळच्या मैदानावर लागत आहे. पाष्ट्यांची गुरे उत्तरेच्या वाटेने येत आहेत, तरी खेळाडूंनी सीमारेषा मोकळी ठेवावी. गवत कापणाऱ्या महिलांनी कृपया आपल्या कोयत्या विसरू नयेत."

म्हातारी माणसे हसून हसून डोळे पुसू लागली. स्वर शेवटी नेमका खाली येत होता. काझीबाईंचा संगणक एकेक पाऊल टिपत होता आणि 'परके पाऊल'चे इशारे दिवसागणिक विरळ होत होते.

संध्याकाळी पांगापांग झाली की हेमलता पश्चिमेच्या कडेला जाऊन बसे. तिसऱ्या संध्याकाळी तिने सुटे चिरे गोळा करून घराची आखणी केली. ही पडवी, हे दार, ही आतली खोली. दगडांची ओळ घोट्याएवढीसुद्धा उंच नव्हती, पण बसल्यावर तिला आपल्या घरात बसल्यासारखे वाटले. पुढच्या दिवशीही ती तिथेच बसली. त्याच्या पुढच्या दिवशीही.

सहाव्या संध्याकाळी सुनंदा वहिनी चहाची किटली घेऊन आली. सरळ चालत आली, दगडांच्या ओळीपाशी थबकली आणि जिथे दार आखले होते तिथे येऊन उभी राहिली.

"येऊ का आत, वन्सं?"

"हे काय, वहिनी, ये की. विचारतेस काय?"

वहिनीने दारातूनच पाऊल आत टाकले, पदर सावरला, कुठे बसायचे ते नजरेनेच विचारले आणि हेमलताने हात केला तिथे अंग चोरून बसली. कपात चहा ओतत म्हणाली, "छान आहे हो घर. लग्न होऊन आले तेव्हापासून गवताचा भारा बांधून झाला की मी इथेच पाठ टेकायची. कधी कोणाला विचारावं लागलं नाही. आज पहिल्यांदा विचारलं. बरं वाटलं, मीही कधीतरी पाहुणी झाले."

ती चेष्टाच करत होती. तिच्या बोलण्यात आकस नव्हता आणि म्हणूनच हेमलताला ते खोल लागले. वहिनी ज्या तऱ्हेने बसली होती, गुडघे जवळ घेऊन, कप सांभाळून, तशी ती स्वतः वर्षानुवर्षे दादाच्या ओटीवर बसत आली होती. माहेरी पाहुणी होण्याचे दुःख पुसायला ती इथे आली होती आणि दगडांची एक ओळ मांडताच तिने दुसरीला पाहुणी केले होते. खाली, खूप खोलवर, घागर भरतच होती. पाण्याने कोणाचे दार पाहिले नव्हते.

चहा संपला. हेमलता उठली आणि पायाने दाराजवळचा एक चिरा बाजूला सारला. मग दुसरा.

"अगो, काय करतेस?"

"भिंत पाडतेय. जरा पाय पसरून बस, वहिनी. तुझे गुडघे दुखतात."

वहिनीने तिच्याकडे टक लावून पाहिले. मग तीही उठली आणि दोघींनी मिळून, एकमेकींच्या चिऱ्यांवर अडखळत, घर मोडले. अंधार पडेपर्यंत त्या खिदळत होत्या.

खाली उतरताना वहिनी म्हणाली, "परसात फणसाखालची जागा मोकळी आहे. तिथे बांध दोन खोल्या. मी तुझ्याकडे न विचारता येईन आणि तू माझ्याकडे. चालेल?"

"चादर?"

"आपापली."

सकाळी हेमलताने काझीबाईंना नकाशातले दोन गुंठे पुसायला सांगितले.

"नीट विचार केलात ना? पुसलं की पुन्हा आखता येणार नाही. तिथे कोणालाच कधी बांधता येणार नाही."

"बसता येईल ना पण?"

काझीबाईंनी संगणकाकडे पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांत मिस्कील हसू आले. "बसणं नोंदलं गेलंय. रोज संध्याकाळी, पश्चिम कड, एक पाऊल जाताना, एक येताना. राखणदाराच्या मते ती आता सड्याची वहिवाट आहे."

*

शिक्कामोर्तब झाले त्या संध्याकाळी सगळी वाडी देवळापाशी जमली. करार लागू झाला होता, तंतू जागा होता आणि आता परीक्षा होती. हेमलता एकटी चढण चढून सड्यावर गेली. खाली सगळे आपापल्या मोबाइलकडे पाहत उभे राहिले. बाळा गुरव तर मोबाइल नारळासारखा दोन्ही हातांत धरून होता.

काहीच वाजले नाही. समुद्रावर सूर्य बुडाला, टिटवी ओरडली, तरी काहीच वाजले नाही. शेवटी सदानंदने मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "ओळखलं बहुतेक."

फणसाखाली पाया खणला गेला. काम सुरू असताना हेमलता फ्लॅटची आवराआवर करायला कोल्हापूरला गेली. दोन दिवसांत परतते म्हणाली होती, पण भांडीकुंडी, जुने कपडे, यजमानांची पुस्तके यांतून सुटका होईना. दिवस लांबत गेले. एका संध्याकाळी ती खोक्यांच्या गराड्यात बसली असताना फोन वाजला.

"हेमे, कुठे आहेस तू?" दादा विचारत होता. मागे बरीच गडबड ऐकू येत होती. "इथे देवळापाशी सगळे जमलेत. सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले."

"का? कंपनीची माणसं आली का?"

"कोणी आलं नाही, तीच तर तक्रार आहे. थांब, वाचून दाखवतो." सदानंदच्या चष्म्याच्या डबीचा खटका तिला ऐकू आला. मग त्याने एकेक शब्द सावकाश वाचला. "*पश्चिमेच्या कडेचे नेहमीचे पाऊल आलेले नाही. कृपया चौकशी करावी.*"

खोक्यावर ठेवलेला हेमलताचा हात तसाच राहिला.

"ऐकतेस ना? आता राखणदाराला काय उत्तर देऊ?"

तिने घसा साफ केला. आणि मग, त्या रिकाम्या होत आलेल्या खोलीत, स्वर शेवटी नेमका खाली आणत म्हणाली, "सांग त्याला, कोल्हापूर-गवाणकोंड गाडी उद्या सकाळी सुटत आहे."